मिळकत नसल्याचा दाखला

तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला काढावयास जाणारा गृहस्थ आपले उत्पन्न किती अल्प आहे हे सरकारला पटवून देण्याकरिता जात असतो, आणि सरकारला ते एकदाचे पटले म्हणजे शिक्कामोर्तब झालेला तो कागद घडी करून खिशात घालताना मनातल्या मनात थोडा खट्टूही होत असतो. फावल्या वेळात लहानसहान यंत्रे जुळविण्याची हौस असलेल्या मनुष्याला अलीकडे नेमका हाच अनुभव खुर्चीतून न उठता आणि मुद्रांकशुल्क न भरता घेता येतो. यंत्राचा आराखडा संगणकावर काढता यावा म्हणून एखादे सॉफ्टवेअर फुकट, अथवा निदान पेन्शनीत बसेल अशा भावात मिळते का, एवढी चौकशी त्याने आरंभावी, की थोड्याच वेळात त्याच्यापुढे एक प्रतिज्ञापत्र येऊन उभे राहते. ऑटोडेस्क कंपनीच्या फ्यूजन नावाच्या प्रणालीचा वैयक्तिक वापराचा परवाना घ्यावयाचा, तर तिचा उपयोग धंद्याकरिता करणार नाही आणि तिच्यापासून वर्षाकाठी एक हजार डॉलरांची प्राप्ती होऊ देणार नाही, अशी हमी अर्जदाराला द्यावी लागते. ज्याने निवृत्तीनंतर स्वहस्ते घडविलेल्या वस्तूंपैकी एकही आजवर शेजाऱ्यानेसुद्धा फुकट नेलेली नाही, अशा गृहस्थाला 'हजार डॉलरांपुढे जाऊ नकोस' असे एका परक्या मुलखातील कंपनीने बजवावे, हा त्याच्या कुवतीवर दाखविलेला एवढा मोठा विश्वास आहे, की तितका त्याच्या घरात त्याला कोणी कधी दाखविलेला नसतो. प्रतिज्ञापत्राखाली साक्षीदाराची जागा असती, तर त्याच्या कुटुंबाने ती सही अत्यंत तत्परतेने आणि वळणदार अक्षरात केली असती.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या पुढ्यात हा प्रश्न आला तो गणेशोत्सवाच्या निमित्ताने. हलता देखावा हे पुणेकरांचे जुने व्यसन आहे. ज्या मंडळाच्या देखाव्यात निदान एका राक्षसाची मान फिरत नाही, त्या मंडळापुढे गर्दी थांबत नाही. यंदा आषाढातल्या सभेत असे ठरले, की राक्षस फार झाले, आपण उंदीर करावा: कोपऱ्यातल्या बिळातून मोदक घेऊन उंदराने संथ, विनम्र गतीने श्रींच्या चरणांपर्यंत सुमारे एक फूट यावे आणि मग लगबगीने परत जावे. श्रींसमोरून लगबगीने निघून जाणे हे उद्धटपणाचे दिसेल, अशी हरकत अध्यक्षांनी घेतली. परंतु उंदीर दुसरा मोदक आणावयास जात असल्यामुळे त्याच्या त्वरेत भक्तीच आहे, असा खुलासा चिटणिसांनी करताच ती मागे घेण्यात आली आणि खुलासा इतिवृत्तात नोंदविण्यात आला.

सभेत एक निवृत्त फोरमन बसलेले होते. पिंपरीकडच्या एका टूलरूममध्ये हयात घालविलेला हा मनुष्य एरवी सभेत बोलत नाही, पण उंदराची ही चाल ऐकून ते एकदम सावरून बसले आणि म्हणाले, "अहो, हा तर शेपर झाला!" शेपर हे यंत्र ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्याकरिता सांगावयास हवे, की त्याचे पाते धातू कापताना सावकाश पुढे सरकते आणि परत येताना, कापावयाचे काही नसल्यामुळे, वेळ न दवडता झटकन मागे येते. मोटर एकाच गतीने फिरत असता हा भेद कसा साधतो, हे फोरमनसाहेबांनी सभेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर काढून दाखविले. ३० मिलिमीटर त्रिज्येची एक भुजा मोटरीने फिरवावयाची. तिच्या टोकाची पिन एका खाच पाडलेल्या उभ्या दांड्यात सरकती ठेवावयाची. दांड्याचा टेकू भुजेच्या मध्यापासून ६० मिलिमीटर खाली घ्यावयाचा. एवढे केले म्हणजे एका फेऱ्यातील २४० अंश दांडा पुढे जाण्यात खर्च होतात आणि १२० अंशांत तो परत येतो. म्हणजे जावयास जेवढा वेळ, त्याच्या निम्म्यात परतणे. दांडा तीनशे मिलिमीटर लांब घेतला, की त्याचे टोक तेवढेच, सुमारे फूटभर, हलते. अध्यक्षांना फूटच हवा होता. धर्मशास्त्र आणि यंत्रशास्त्र यांचा इतका बिनतक्रार समझोता संस्थेच्या इतिहासात पूर्वी झालेला नव्हता.

मग संगणक हवा कशाला, असे कोणी विचारील. फोरमनसाहेबांनीही तेच विचारले. त्यांनी घरचा ड्राफ्टर माळ्यावरून काढला, २एच पेन्सिलीला टोक केले, आणि भुजा, दांडा व पायाची पट्टी यांचे असे रेखन केले, की त्यातील एका वर्तुळाच्या मध्यरेषांकडे पाहूनसुद्धा जुन्या माणसाला गहिवर यावा. ते घेऊन आम्ही भोसरीला, पत्रा लेझरने कापून देणाऱ्या एका गाळ्यात गेलो. गल्ल्यावरच्या मुलाने तो कागद दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडे केला, आदराने परत दिला आणि तो म्हणाला, "काका, ड्रॉइंग एक नंबर आहे. पण डीएक्सएफ व्हॉट्सॅप करा ना."

डीएक्सएफ ही फाइल लिहिण्याची एक रीत असून ती ऑटोकॅडबरोबर डिसेंबर १९८२ मध्ये अवतरली. तेव्हापासून प्रणाली आल्या आणि बुडाल्या, कंपन्यांनी एकमेकींना गिळले. पण कापणाऱ्या यंत्रापाशी चालणारे नाणे म्हणून तिचे चलन कायम राहिले आहे. ज्याच्यापाशी डीएक्सएफ नाही, त्याला भोसरीत पत्रा कापून मिळत नाही. फोरमनसाहेब परतीच्या वाटेवर चिंचवडपर्यंत बोलले नाहीत.

येणेप्रमाणे सॉफ्टवेअर निवडण्याकरिता उपसमिती नेमली गेली, आणि तिच्यावर आमचे खजिनदार पदसिद्ध सभासद म्हणून आले. हे गृहस्थ जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले असून, खर्चाच्या कोणत्याही प्रस्तावाकडे ते चष्म्याच्या वरून पाहतात आणि जमेच्या प्रस्तावाकडे चष्म्यातून. त्यांनी पहिलाच प्रश्न असा टाकला, की ही वस्तू विकत घ्यावयाची आहे की भाड्याने. आणि या एका प्रश्नाने त्यांनी साऱ्या विषयाच्या मर्मावर बोट ठेवले, हे मान्य केले पाहिजे.

जुन्या काळी आपल्या मुलखात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची; सारा भरीत आहे तोवर त्याला कोणी हुसकू शकत नसे. उपरी हा ठरल्या मुदतीपुरता कसणारा. मुदत सरली, की पुढचे पाटलाच्या मर्जीवर. आराखड्यांच्या प्रणालीतही पूर्वी मिरास असे: एकदा रक्कम मोजली, की खोक्यातून आलेली ती तबकडी तुमची, आणि संगणक जिवंत आहे तोवर तिच्यावर तुमचा ताबा. २०१६ साली ऑटोडेस्कने नवी मिराशी देणे बंद केले आणि त्यापुढे सर्वांनी वार्षिक अथवा मासिक खंडानेच वहिवाट करावी असे ठरविले. त्यात कंपनीचा तोटा झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. अलिब्रे नावाची एक कंपनी मात्र अद्याप मिरासपत्र देते आणि हौशी लोकांकरिता अ‍ॅटम या नावाची आपली लहान आवृत्ती बेताच्या किमतीत विकते. मला स्वतःला हा व्यवहार सरळ वाटला. परंतु खजिनदारांचे म्हणणे पडले, की उंदीर वर्षातून दहा दिवस चालणार. त्याच्याकरिता वंशपरंपरेचे वतन कशाला?

तेव्हा माझा भाचा, जो हिंजवडीत नोकरीस आहे आणि ज्याला कोणत्याही अडचणीवर मार्ग पाच मिनिटांत सुचतो, तो म्हणाला, "मामा, एवढं काय? मी क्रॅक आणून देतो." एके काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या पदपथावर जगातल्या भारीतल्या भारी प्रणाली एका मिसळीच्या पैशांत मिळत, आणि आज मोठ्या हुद्द्यांवर असलेल्या कित्येक अभियंत्यांचे शिक्षण त्या पदपथावरच झाले, ही गोष्ट त्यांच्या आत्मचरित्रांत बहुधा येणार नाही. परंतु विघ्नहर्त्याच्या देखाव्याचा आरंभ चोरीच्या मालाने करावा आणि त्यासोबत आलेल्या विघ्नांचा बंदोबस्त त्याच्याकडूनच करून घ्यावा, हे समितीला प्रशस्त वाटले नाही. भाच्याला चहा देऊन वाटेला लावण्यात आले.

यानंतर सॉलिडवर्क्सचा विचार झाला. कारखान्यांतून नोकरी केलेल्या माणसांना ही प्रणाली माहेरासारखी प्रिय असते. तिचा व्यावसायिक परवाना लाखांच्या हिशेबात जातो, हे ऐकून खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. तथापि हौशी मंडळींकरिता २०२१ साली तिची 'मेकर्स' नावाची आवृत्ती वर्षाला ९९ डॉलर दराने निघाली, ही माहिती मी पुढे ठेवली. या आवृत्तीलाही मिळकतीची मर्यादा आहेच. शिवाय तीत काढलेल्या फायलींवर एक अदृश्य शिक्का बसतो, आणि त्या शिक्क्याची फाइल पैसे भरलेल्या सोवळ्यातल्या सॉलिडवर्क्सने उघडावयाची नाही असा दंडक आहे. म्हणजे फोरमनसाहेबांच्या जुन्या कारखान्यातील एखादा होतकरू मुलगा संध्याकाळी आमच्या उंदरावर नजर टाकावयास राजी झाला, तरी त्याच्या यंत्राला आमच्या उंदराचा विटाळ होणार. इतक्यात कोणीतरी असे सांगितले, की या कंपनीचे संस्थापक जॉन हिर्शटिक यांनी १९९३ साली तिची उभारणी केली, ती एमआयटीमधील ब्लॅकजॅक खेळणाऱ्या चमूत असताना पत्त्यांवर मिळविलेल्या दहा लाख डॉलरांच्या भांडवलावर. गोष्ट खरी आहे आणि हिर्शटिकांनी ती कधी लपविलेली नाही. जुगाराच्या पैशातून निघालेली वस्तू गणपतीपुढे कशी ठेवावी, असे अध्यक्षांना वाटले. जुगारात जिंकणाऱ्या माणसाला हिशेब पक्का येत असला पाहिजे, असे खजिनदारांना वाटले. समितीत पहिल्यांदाच मतभेद नोंदविला गेला.

गंमत अशी, की हेच हिर्शटिक पुढे ती कंपनी दासो या फ्रेंच घराण्याला १९९७ मध्ये विकून, यथावकाश बाहेर पडून, ऑनशेप नावाची नवी प्रणाली घेऊन आले. ती संगणकात बसवावी लागत नाही; ब्राउझर उघडला, की तिची कचेरी उघडते, आणि हौशी लोकांना ती संपूर्ण फुकट आहे. अट एकच: फुकट वापरणाराचे सर्व आराखडे चव्हाट्यावर राहतात, आणि दुनियेतल्या कोणालाही ते पाहता व उतरवून घेता येतात. ही अट ऐकताच समितीत जी शांतता पसरली, ती समजण्यास मनुष्य पुण्याचाच असावा लागतो. चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत देखावा पडद्याआड ठेवावयाचा, कनातीच्या फटींवर वर्तमानपत्रे चिकटवावयाची, आणि समोरच्या संस्थेतील मुले क्रिकेटचा चेंडू शोधण्याच्या मिषाने आत डोकावू लागली तर चेंडू आपणच बाहेर फेकावयाचा, हा येथील शिरस्ता आहे. समोरच्या संस्थेने गेल्या साली गरुड केला होता, आणि त्याचे पंख हलतात ही वार्ता आम्हाला आरतीच्या वेळेपर्यंत लागू दिली नव्हती. आता आमचा उंदीर त्यांनी दूर देशीच्या सर्व्हरवरून, घरात बसून, भुजेच्या लांबीसकट पाहावा? यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ऑनशेपमध्ये उणे काढण्यासारखे फारसे नाही, असे माझे आजही मत आहे. पण ती नामंजूर झाली ती लष्करी कारणास्तव.

फ्यूजन हातचे होतेच. त्याचे प्रतिज्ञापत्र करावयास समिती एका पायावर तयार होती, कारण हजार डॉलर मिळविण्याचा कोणताही मार्ग कोणालाही दिसत नव्हता. फुकटच्या परवान्यावर एका वेळी दहाच दस्तऐवज दुरुस्तीस खुले ठेवता येतात, बाकीचे दप्तरबंद करून ठेवावे लागतात, ही अट विष्णूलाही दहांतच भागवावे लागले या न्यायाने मान्य झाली. अडले ते निराळ्याच ठिकाणी. २०२० च्या सप्टेंबरात या कंपनीने फुकटच्या परवान्याची कलमे एकाएकी आवळली, पूर्वी मोकळ्या असलेल्या कित्येक सोयी काढून घेतल्या. त्यांत आराखडा दुसऱ्या प्रणालीत नेण्याची, स्टेप नावाच्या फायलीची सोयही होती. ओरड झाली तेव्हा ती तेवढी परत मिळाली. दिलेली सनद एकतर्फी बदलण्याचा अधिकार देणाराने आपल्याकडे राखून ठेवला आहे, हे कलम खजिनदारांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. त्यांनी त्याखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आणि "उद्या भाद्रपद शुद्ध तृतीयेला यांनी असे केले तर?" एवढेच विचारले.

आम्ही ही कलमे वाचीत होतो तेवढ्या अवधीत, चिटणिसांची सातवीतली मुलगी शेजारच्या टेबलावर टिंकरकॅड उघडून बसली होती. ही प्रणाली ठोकळ्याला ठोकळा जोडावयाची, मुलांकरिता केलेली आणि निखालस फुकट आहे. समितीचा ठराव लिहून होईपर्यंत तिने उंदराचे दोन कान, शेपटी आणि एक मुकुट एवढे काम उरकले. उंदराला मुकुट नसतो हे तिला सांगण्यात आले. तिने तो कायम ठेवला, आणि तो पुढे देखाव्यातही राहिला.

उरले फ्रीकॅड. या प्रणालीचा मालक कोणी नाही, अथवा सर्वच आहेत. तिचा मजकूर खुला आहे, शपथ नाही, मुदत नाही, मिळकतीची चौकशी नाही. तिच्यावर उंदीर काढून त्याचा कारखाना घातला तरी कोणी हिस्सा मागावयास येणार नाही. २००२ साली आरंभ झालेल्या या प्रणालीने आपल्या आवृत्तीला पूर्णांक एक असा आकडा लावला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. बावीस वर्षे स्वतःला अपूर्णांकात मोजून घेण्याची ही विनयशीलता धंदेवाईक जगात अन्यत्र आढळणार नाही, आणि ज्यांनी जुन्या आवृत्त्या वापरल्या आहेत त्यांच्या मते त्या विनयाला सबळ कारणही होते. जुन्या फ्रीकॅडमध्ये वस्तूच्या प्रत्येक पृष्ठाला आणि कडेला क्रमांक पडे. सुरुवातीच्या एखाद्या मापात फरक केला, की सर्व क्रमांक नव्याने पडत, आणि जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आल्यावर ज्याप्रमाणे कित्येकांची विहीर दुसऱ्याच्या उताऱ्यावर गेली, त्याप्रमाणे शेपटीकरिता पाडलेले भोक उंदराच्या कपाळावर उगवे. नव्या आवृत्तीत हा घोळ पुष्कळसा मिटला आहे. सुटे भाग एकत्र जुळविण्याकरिता पूर्वी तिच्यात तीन-चार निरनिराळे पंथ होते, प्रत्येकाचे अनुयायी वेगळे आणि एकाने जोडलेले दुसऱ्याला न सुटणारे. आता जोडणीचे एक अधिकृत पीठ स्थापन झाले आहे. पंथ अर्थातच चालू आहेत.

फोरमनसाहेब या सर्व काळात समितीपासून फटकून होते. डीएक्सएफचा घाव ताजा होता. एका रविवारी मी त्यांना जबरदस्तीने संगणकापुढे बसविले आणि पायाच्या पट्टीचा चौकोन काढावयास सांगितले. त्यांनी तो काढला, आणि कोपऱ्यात एक सूचना उमटली, की आकृतीला अद्याप चार अंश स्वातंत्र्य शिल्लक आहे. "म्हणजे?" ते म्हणाले. म्हणजे चौकोनाच्या बाजू आडव्या-उभ्या झाल्या खऱ्या, परंतु त्याची लांबी, रुंदी आणि कागदावरील जागेची दोन मापे अजून कोणी निश्चित केलेली नाहीत. तोवर तो कोठेही पळू शकतो. त्यांनी लांबी दिली. तीन. रुंदी दिली. दोन. एक कोपरा आरंभबिंदूला बांधला. आणि सूचनेतील शून्य येताक्षणी संपूर्ण आकृती हिरवीगार झाली. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मनुष्याला शून्य अंश स्वातंत्र्य म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. पण त्या अवस्थेबद्दल कोणी आपल्याला हिरवा रंग दाखवून शाबासकी देईल, ही त्यांना सर्वस्वी नवी गोष्ट होती.

रेघेला समांतर राहा म्हणावे आणि तिने राहावे, ही कल्पना वस्तुतः जुनी आहे. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड नावाच्या विद्यार्थ्याने स्केचपॅड हा आपला प्रबंध सादर केला, तेव्हा एका खोलीएवढ्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने काढलेल्या रेघा अशीच आज्ञा पाळीत होत्या. पण फोरमनसाहेबांना इतिहास नको होता. त्यांनी चहा निवू दिला. पिन ८ मिलिमीटरची, तर खाच नेमकी ८ ठेवून चालणार नाही, रंग बसला की ती आवळणार, म्हणून ८.२ ठेव, असे ते स्वतःशीच पुटपुटू लागले. पिनेचा मध्य टेकूपासून जवळात जवळ ३० आणि लांबात लांब ९० वर येणार, म्हणजे साठची धाव, अधिक पिनेचे आठ, झाले अडुसष्ट, "बहात्तर घेऊ, धडकायला नको." इतक्यात त्यांनी सवयीने खाचेची एक बाजू दुसरीएवढी आहे असे दुसऱ्यांदा बजावले, आणि यंत्राने त्यांना कळविले, की हे बंधन अनावश्यक आहे, कारण हीच आज्ञा पूर्वी देऊन झालेली आहे. चाळीस वर्षे हाताखालच्या माणसांना एकच गोष्ट दोनदा बजावून सांगितलेल्या फोरमनला 'एकदा सांगितलेत, पुरे' असे प्रथमच कोणी ऐकविले. ते क्षणभर अवाक् झाले. मग मोठ्याने हसले. संस्थेच्या वाहनतळावरील सूचनाफलकालाही हीच तपासणी लावून पाहावी, असे मला त्या वेळी वाटून गेले. तो फलक बहुधा अर्ध्यावर येईल.

त्या रात्री दीड वाजता त्यांच्या सूनबाईंना झोपेतून उठवून एक हिरवी आकृती दाखविण्यात आली, असे दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून समजले.

मोदकाची हकीकत वेगळी आहे. मोदकाला कळ्या हव्यात, त्या एकसारख्या हव्यात आणि त्या एकवीस हव्यात; आणि हाताने एकेक कळी काढण्याचा धीर फ्रीकॅडमध्ये कोणाला झाला नाही. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या, संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी विचारले, की या कामाला रेघोट्या ओढण्याऐवजी काही लिहून चालत नाही का. चालते. ओपनस्कॅड नावाची, तीही फुकट आणि तीही खुली, अशी एक प्रणाली आहे, जीत काही काढावयाचे नसते. आकृतीचे वर्णन लिहावयाचे असते. गोल, नळकांडे, ठोकळा हे तिचे मूळ शब्द. त्यांचा संयोग, एकातून दुसऱ्याची वजाबाकी आणि दोहोंना समाईक असलेला भाग, हे तिचे तीन व्यवहार. बाईंनी दोन दुपारी तिचे नियम वाचले, त्यांतील अपवादांची संख्या पाणिनीच्या मानाने नगण्य आहे असा अभिप्राय दिला, आणि एक कळी लिहून तिला वर्तुळाभोवती एकवीस वेळा फिरविणारी दीड ओळ खाली जोडली. पडद्यावर जो मोदक आला, तसा सुबक मोदक आमच्या संस्थेत कोणाच्याही घरी आजवर झालेला नाही, हे विधान मी येथे नाइलाजाने आणि नाव न घालता करतो. कळ्यांचा आकडा बदलून एकशे आठ करता येईल का, असे अध्यक्षांनी विचारले. बाईंनी आकडा बदलला. मोदकाची लिंबू पिळण्याची टोपी झाली, तेव्हा पुन्हा एकवीस करण्यात आले.

भोसरीच्या गाळ्यात फोरमनसाहेब स्वतः गेले. त्यांनी डीएक्सएफ व्हॉट्सॅपवर पाठविली, आणि ती पाहिली गेल्याच्या दोन निळ्या खुणा उमटेपर्यंत ते गल्ल्यापुढून हलले नाहीत. ३ मिलिमीटरच्या पत्र्याचे भाग त्याच संध्याकाळी आले. मोटर गाडीच्या वायपरची, बारा व्होल्टची, जुन्या बाजारात मिळालेली. जोडणी झाली, बटण दाबले, आणि उंदीर मोदकासह तीरासारखा श्रींकडे धावला, चरणांशी थबकला, आणि मग अत्यंत जड पावलांनी, जणू काढता पाय निघत नाही अशा रीतीने, मागे मागे सरकत बिळात गेला. मोटरीच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. फिरण्याची दिशा बदलली, की संथ आणि शीघ्र या दोन फेऱ्यांची अदलाबदल होते, हे शेपरवर काम केलेल्या कोणालाही माहीत असते. फोरमनसाहेब पक्कड घेऊन तारा बदलावयास वाकले. पण अध्यक्षांनी त्यांचा हात धरला. धावत यावे आणि पाय ओढीत जावे, हीच खरी भक्तीची चाल आहे, असे ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. तारा तशाच राहिल्या, आणि आषाढातल्या सभेच्या इतिवृत्तातील खुलासा रद्द करण्याकरिता सूचनापत्र काढावे लागले.

उत्सव पार पडला. समोरच्या संस्थेचे लोक पाहून गेले आणि काही बोलले नाहीत, याहून मोठी पावती नाही, असे आम्ही समजत होतो. परंतु पावती या वस्तूविषयी खजिनदारांच्या कल्पना काटेकोर आहेत. हिशेबाच्या सभेत पत्रा, मोटर, रंग यांच्या पावत्या नीट लागल्या. 'सॉफ्टवेअर, रुपये शून्य' या नोंदीपाशी ते अडले.

"याचं व्हाउचर?"

"अहो, फुकट आहे ते," फोरमनसाहेब म्हणाले.

"असेल. पण फुकट मिळाल्याचं कोणी लिहून दिलंय का? हिशेब तपासनिसाने उद्या विचारलं, तर शून्य रुपये कोणाला दिले म्हणून सांगू?"

कोणालाच उत्तर सुचेना. शेवटी चिटणिसांच्या मुलीने सांगितले, की फ्रीकॅडच्या मंडळींची एक संस्था आहे आणि ती देणग्या घेते. देणगी दिली तर पोच मिळेल. खजिनदारांचा चेहरा प्रथमच उजळला. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल पाचशे एक रुपये देणगी द्यावी, त्याची रीतसर पावती घ्यावी, आणि पावतीवर संस्थेचे नाव नोंदणी क्रमांकासह संपूर्ण असावे, असा ठराव त्यांनीच मांडला, आणि त्यांनी खर्चाचा ठराव मांडल्याच्या धक्क्यात तो चर्चेविना संमत झाला. फोरमनसाहेब तेवढे तटस्थ राहिले. पाचशे ठीक आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. वरचा एक हे अनावश्यक बंधन आहे.